स्पेनचं फूल

माझ्या हातून केसात माळलेलं फूल पडत नाही. हे मी गर्वानं सांगते, कारण गर्व करावा असं दुसरं फारसं काही माझ्याकडे नाही. गजरा आधी दोऱ्यानं केसांना बांधायचा आणि मग पिना लावायच्या, हे मला आईनं शिकवलं. इथे ऑकलंडला दिवाळीच्या कार्यक्रमाआधी आमच्या मराठी बायका एकेक करून माझ्यापुढे डोकं करून बसतात. म्हणून ख्राइस्टचर्चला भर स्पर्धेत एका मुलीच्या केसातलं लाल फूल बर्फावर पडलं आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती मुलगी माझ्या मुलीबरोबर फिगर स्केटिंग शिकायची. जन्म इथलाच, ऑकलंडच्या पापाकुरा उपनगरातला. आई मध्य अमेरिकेतल्या एका छोट्या देशाची, देश इतका छोटा की नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा देश बोटाखाली झाकला जातो. त्या देशात स्केटिंगची एकही रिंक नाही. मुलगी मात्र स्पर्धेत त्याच देशाकडून उतरायची, कारण तिला तसं उतरायचं होतं. एवढं साधं कारण लोकांना पुरत नाही.

फ्लॅट बुश या इथल्या नव्या वस्तीतल्या माझ्या मैत्रिणीला तर मुळीच पुरलं नाही. तिच्या घरात बसायच्या खोल्या इतक्या आहेत, की पाहुणा आला की त्याला कुठे बसवावं यावर नवराबायकोचं भांडण होतं. तिनं चहा ओतता ओतता मला अक्कल शिकवली.

"अगं, स्मार्ट आहेत ते लोक. देशात दुसरं कोणी स्केटिंग करतच नाही म्हटल्यावर सिलेक्शन फिक्स. तू पण पोरीला इंडियाकडून उतरव ना! न्यूझीलंडच्या टीममध्ये कधी नंबर लागायचा तिचा? इंडियाकडून एकदम इझी पडेल. मग आपण मंडळात सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊन."

माझी मुलगी शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आंटी, आय कान्ट इव्हन लँड अ डबल." डबल म्हणजे हवेत दोन फेरे घेऊन उतरायची उडी, हे मैत्रिणीला कळलं नाही, पण सत्काराला कोणती साडी नेसायची ते तिचं ठरलं असावं. भारताचा झेंडा म्हणजे हिला सोसायटीचं मागचं गेट वाटलं, पुढे गर्दी असली की तिकडून शिरायचं.

वस्तुस्थिती अशी आहे की जागतिक स्पर्धेला जायचं तर आधी कुठल्या तरी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उड्या आणि गिरक्यांचे ठरावीक किमान गुण मिळवावे लागतात. ते किमान जपानच्या मुलीला जेवढे, तेवढेच हिला. देश लहान म्हणून सूट नाही. ही मुलगी त्या आकड्याच्या अगदी जवळ जाऊन परत आली होती आणि ख्राइस्टचर्चची स्पर्धा ही त्या मोसमातली शेवटची संधी होती. तिथे जमलं नाही तर जागतिक स्पर्धेत तिच्या देशाचं नाव नसणार, एवढं सगळं त्या एका पोरीच्या दोन पायांवर होतं.

आणि अशा वेळी आमच्या रिंकवरच्या नृत्य बसवणाऱ्या बाईंना सुचली संस्कृती.

मुलीनं स्वतः पियानोची एक शांत धून निवडली होती आणि निळा ड्रेस. बाईंनी तो बेत मोडीत काढला. परीक्षकांना तुमचं कल्चर दिसायला हवं, म्हणाल्या. मग आली गिटारची फ्लामेंको धून, लाल झालरींचा ड्रेस आणि केसात खोचायला मुठीएवढं लाल कापडी फूल. मुलीच्या आईनं शांतपणे सांगितलं, "हे स्पेनचं आहे. आम्ही स्पेनचे नाही."

"ऑल द सेम, डार्लिंग," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

ही आई रस्तेबांधणीतली इंजिनिअर. भूकंपानंतर ख्राइस्टचर्चमध्ये जमिनीखालचे पाइप नव्यानं टाकायचं काम तिनं केलेलं. रिंकवरच्या इतर आया तिला विचारायच्या, "तू साल्सा डान्स शिकवतेस का?" त्या दिवशी गाडीपाशी आल्यावर ती मला म्हणाली, "स्पेननं आमच्यावर तीनशे वर्षं राज्य केलं. उद्या तुझ्या मुलीला इंग्रज राणीचा झगा चढवला आणि म्हणाले, ही बघा इंडिया, तर तू काय करशील?"

मी काय करणार! मी घरी येऊन नवऱ्यावर ओरडले असते. तीही बाईंना फार काही बोलू शकली नाही, कारण सरावासाठी बर्फ कोणाला कधी मिळणार हे बाई ठरवायच्या. माझ्या मुलीला त्यांनी आधीच बॉलिवूडचं गाणं आणि घागरा देऊन टाकला होता. जग त्यांनी असं कपड्यांच्या कपाटासारखं लावून ठेवलं होतं. घागऱ्याचा खण इंडियाचा, झालरींच्या खणात स्पॅनिश बोलणारे सगळे देश एकावर एक.

वर मला म्हणाल्या, "फूल तूच लाव. यू इंडियन लेडीज आर सो गुड विथ फ्लॉवर्स." याचा मला खरा संताप आला, कारण ते खरं होतं.

ख्राइस्टचर्चला कपडे बदलायच्या खोलीत मी त्या मुलीचा अंबाडा घातला. लाल दोरा फुलाच्या देठातून काढून अंबाड्याला फिरवून फिरवून बांधला, वर आकडे खोचले. बाई मागे उभ्या राहून सूचना देत होत्या. "घट्ट बांध. ड्रेसचं किंवा केसांचं काही बर्फावर पडलं तर एक गुण कापतात."

"एकूण गुणांतून," मुलगी आरशात बघत म्हणाली. "उड्यांच्या गुणांतून नाही."

"कशातूनही कापायला नको," मी म्हटलं. "माझ्या हातचं पडत नाही."

ती हसली आणि बाथरूमला जाऊन येते म्हणाली. या वयाच्या मुली स्पर्धेआधी दहादा बाथरूमला जातात, मी लक्ष दिलं नाही.

मग तिचं नाव पुकारलं. देशाच्या नावाचा उच्चार असा केला की त्या देशालासुद्धा आपलं नाव ओळखू आलं नसतं. शेजारी बसलेल्या तिच्या आईनं माझा हात धरला. गिटार सुरू झाली. पहिली उडी नीट उतरली. मग एक गिरकी होती, मान मागे टाकून, हात डोक्यावरून फिरवत. त्या गिरकीत फूल सुटलं आणि घसरत कडेच्या फळीला जाऊन थडकलं.

लोकांनी "ओह" केलं. आमच्या रिंकच्या आया, बाई, सगळ्या माझ्याकडे वळल्या. या पोरीचं वर्षभराचं काम माझ्या गाठीपायी गेलं, असं वाटून मी खाली मान घातली. वर पाहिलं ते तिच्या आईनं माझा हात दाबला तेव्हा. मुलीनं दुसरी उडी उतरवली होती, मग तिसरी. इतकी मोकळी मी तिला सरावातही पाहिली नव्हती.

गुण लागले. एकूण गुणांतून एक कापला होता आणि नंबर शेवटून दुसरा. पण उड्या आणि गिरक्यांचा आकडा किमानाच्या पुढे गेला होता. आईला तो सगळ्यांच्या आधी कळला. ती उभी राहिली आणि आपल्या देशाचं नाव मोठ्यानं, नीट उच्चारात ओरडली.

आमच्या मंडळींना मात्र फुलाचंच पडलं होतं. "बिचारी! पिन कोणी लावली होती?" बाईंनी विचारलं, जणू त्यांना माहीत नव्हतं. "मी," मी म्हटलं. माझ्या मुलीनं व्हिडिओ टाकला होता, तो बघून फ्लॅट बुशहून मेसेज आला, "तुझ्या हातचं फूल??" पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. सत्काराचं त्यात काही नव्हतं.

परतताना विमानतळाकडे जाणाऱ्या व्हॅनमध्ये बाई पुढे बसून जागतिक स्पर्धेचे बेत सांगू लागल्या. झालरी वाढवू, फूल आणखी मोठं करू. मुलीनं एकदा आईकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी सरकून तिनं जॅकेटच्या खिशातून लाल दोऱ्याचा गुंता काढला आणि माझ्या हातात ठेवला. टोकं मी बोटानं चाचपली. ती विसविशीत नव्हती.

"आंटी," ती हळूच म्हणाली, "तुमची गाठ सुटतच नव्हती. शेवटी कात्री मागून आणली."