मागच्या बाकावरचा वायरमन

भूगावातल्या निम्म्या बिल्डिंगींत उजेड माझ्या हातानं पडलाय. त्यातल्या निम्म्यांत मागनं दुसरा वायरमन बोलवावा लागला, तेवढं मी कुणाला सांगत न्हाई.

शाळेचं म्हनाल तर चौथीला मी थांबलो, शाळा पुढं गेली. अशा मानसाला आमच्या हायस्कुलाच्या हेडसरांनी गाठलं. म्हनले, "मिस्त्री, नववीला वायरिंग शिकवायला माणूस पाहिजे. आधी आठवडाभर विज्ञानाच्या मॅडमच्या तासाला मागं बसा, शिकवतात कसं ते बघा. शनिवारी तुम्ही शिकवा. मॅडम हो म्हणाल्या तर वर्षभर तो तास तुमचा."

घरी सांगितलं, तर संध्याकाळपतुर बायको अख्ख्या आळीत मला 'आमचे सर' म्हनाय लागली. आता जमलं न्हाई तर तोंड कुटं लपवायचं, एवढंच डोक्यात.

सोमवारी मागच्या बाकावर बसलो. गुडघं बाकात मावंनात, पोरं मागं वळून दात काढत्यात. मॅडम आल्या. बारीक चनीच्या, केस पिकलेल्या, आवाज एवढा हळू की मलाच पुढं वाकावं लागलं. टेबलावर एक सेल, दोन छोटे बल्ब, एकामागं एक जोडलेले. दोन्ही पेटले. मॅडम म्हनल्या, "यातला एक काढला तर दुसऱ्याचं काय होईल?"

आन गप्प बसल्या.

चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. वर्ग गप. बाहेर दूधवाल्याची गाडी येऊन गेली तरी गप. मला वाटलं बाई इसरल्या का काय. शेवटी न राहवून मीच वरडलो, "इझंल!"

मॅडम हसल्या न्हाईत, रागावल्या न्हाईत. फळ्यावर लिवलं, 'विझेल'. आन मला इचारलं, "का?"

वीस वर्सं वायर जोडतोय, पन 'का' कुनी इचारलंच न्हवतं. लोक 'लाइट कधी येनार' एवढंच इचारत्यात. मी बाकाकडं बघत बसलो. मॅडम माझ्यासाठीबी तशाच थांबल्या. लई थांबल्या. मग दुसऱ्या बाकावरची एक पोरगी हळूच म्हनली, "मॅडम, आमच्या वाडीत जायला एकच रस्ता हाय. मधला साकव पडला की पलीकडं कायच जात न्हाई. तसं."

मॅडमनी शाबासकी दिली न्हाई. माझ्याकडं बघून म्हनल्या, "पटतंय का?"

मला म्हंजी, मला! मी मान हलवली. मग त्यांनी इचारलं, "घरातले बल्ब असे जोडले असतील का?" आन पुन्ना गप्प. पोरं एकमेकांत भांडाय लागली, वहीत चित्रं काढाय लागली. घंटा झाली तरी कुनी उठंना. मी बोटांवर मोजलं. अख्ख्या तासात बाई धा-बारा वाक्यं बोलल्या असतील. तेवढं तर मी एक होल्डर बसवताना बोलतो. आठवडाभर मी त्यांचं ते थांबनं बघत व्हतो, देवळात बसल्यासारखा.

शनिवारी मी उभा. मॅडम मागं, माझ्या बाकावर. मी इचारलं, "बटन फेजवर बसवायचं का न्यूट्रलवर? आन का?" ठरवलं व्हतं, मनात ईसपतुर मोजायचं.

तीनला त्वांड उघडलं.

"आरं, एकदा एका बंगल्यात बटन बंद केलं, बिनधास्त होल्डरला हात घातला, तर थेट मालकाच्या सोफ्यावर जाऊन पडलो! बटन न्यूट्रलवर बसवलेलं, फेजच्या वायरीतनं येनारा करंट होल्डरात तसाच. बसवनारा कोन? मीच!" पोरं पोट धरून हसली. मग दुसरा किस्सा, मग तिसरा. घंटेला टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकलो.

मॅडम पुढं आल्या. मला काय बोलल्या न्हाईत, पोरांनाच इचारलं, "यांना वर्षभर तास द्यायचा का?" आन थांबल्या, तशाच. वर्ग गप. मी म्हनलो, "आवो मॅडम, पोरं लाजत्यात, त्यांचं म्हननं असं हाय की—"

"द्या की," साकववाली पोरगी मधीच बोलली. "पन काकांना आधी गप बसायला शिकवा. उत्तर मला येत व्हतं."