पार्किंगकडे तोंड

छावणीच्या गोल्फ मैदानावर मुलांना शिकवणारे एक निवृत्त हवालदार पालकांना एकच नियम घालून देत. शिकवणी चालू असताना पार्किंगकडे तोंड करून उभं राहायचं. मी एकदा वळलो, तर म्हणाले, "साहेब, तुम्ही गाडी बघा. पोरगी मी बघतो."

माझी दहा वर्षांची मुलगी प्रत्येक फटक्यानंतर माझा चेहरा शोधत असे. त्या रविवारी तिचे सहा चेंडू ओळीने हुकले. "काका, मला नाही खेळायचं आता," ती रडत म्हणाली. मला पाठमोऱ्यालाही ते ऐकू आलं.

"बिल्कुल नको खेळू. एक चेंडू उरलाय, तेवढा मार." एवढं सांगून ते चालत आले आणि माझ्याशेजारी पार्किंगकडे तोंड करून उभे राहिले. "मार गं, आता कुणीच बघत नाही!"

टक्कन स्वच्छ आवाज आला. आम्ही दोघेही वळलो नाही.

"कुठं गेला?"

"झेंड्याच्या पण पुढे, काका!"

"मग पुढच्या रविवारी शोधायला ये."

ती अजून जाते. त्यांचे उपकार मी रोज आठवतो. घरी ती गणितं सोडवायला बसली, की मी माझी खुर्ची खिडकीकडे वळवतो.