ब्लाझेनाबाईंची सात फुलं

ब्लाझेना काडलेत्सोवा हिच्याबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे मला अजूनही जड जातं. तरी बोलते.

प्रागमध्ये परवाना असलेले गाईड शेकड्यांनी आहेत, पण आमचं काम जरा निराळं. आमची माणसं शहर बघायला आलेली नसतात. ती येतात विम्यावर, व्हॉल्व्हवर नाहीतर दातांच्या मुळांवर भाषणं ऐकायला. जेवण आणि दुपारचं सत्र यांच्यामध्ये दोन तास मोकळे असतात, तेवढ्यात त्यांना हजार वर्षं दाखवायची. गळ्यात नावाची पट्टी, हातात फोन, पोटात जड जेवण. मी त्यांना राजे सांगते, सनावळीसकट. ती मान हलवतात आणि हळूच घड्याळ बघतात.

ब्लाझेनाच्या गटात कुणी घड्याळ बघत नसे. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे कामातून गेलेले, पायात नर्सचे असतात तसले पांढरे बूट. आम्ही सगळे छत्री उंच धरतो. ही लाकडी पळी धरायची, दांड्याला निळी फीत बांधून. आणि प्रत्येक धंद्याला ती त्याचंच शहर दाखवायची. दंतवैद्य आले की पुलावरच्या संतांच्या पुतळ्यांची तोंडं: कुणाचे दात शाबूत आहेत, कोण दाढ दुखत असल्यासारखा वर बघतोय. विमावाले आले की कुठली गल्ली किती वेळा जळाली. मी परवान्याच्या परीक्षेसाठी तीन वर्षं ग्रंथालयात डोळे फोडले होते, आणि टाळ्या पडायच्या त्या पळीला. माझा जळफळाट व्हायचा. का नाही व्हायचा?

अठरा वर्षं आम्ही बरोबर काम केलं. ती मला 'अगं योलाना' म्हणायची, मी तिला 'अहो ब्लाझेनाबाई'. मनातल्या मनात मी तिला काय काय म्हणायचे ते सोडा. आमच्याकडे वयानं मोठ्या माणसानं आपणहून म्हणावं लागतं की आता अहो-जाहो पुरे. मग दोघांनी दारूचा एकेक ग्लास घ्यायचा. तिनं कधी म्हटलं नाही. तिचा घोटा मुरगळला तेव्हा आठवडाभर मी तिचे गट सांभाळले, तरी नाही. बसच्या नव्या ड्रायव्हरला मात्र ओळख झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हणून मोकळी झाली. ते मला फार लागलं.

दर सप्टेंबरात पाण्याचे पंप बनवणाऱ्यांची, म्हणजे आमच्या पंपवाल्यांची, परिषद भरते. दोनशे माणसं, चार दिवस, व्हिशेहराड भागातल्या मोठ्या सभागृहात. फिरायला येणाऱ्यांचे दोन गट, एक तिचा, एक माझा. त्या वर्षी तिसऱ्या दिवशी मी एकतीस जणांना घेऊन किल्ल्यावर निघाले आणि वर पोचले तेव्हा एकोणीस उरले होते. बाकीचे खालच्या पुलापाशीच पळीमागे वळले होते. ब्लाझेना त्यांना नदीकाठच्या जुन्या पाण्याच्या मनोऱ्याकडे नेत होती. चारशे वर्षांपूर्वी नदीचं पाणी कारंज्यांपर्यंत चढवायचे तो मनोरा. त्याच्या पायथ्याशी पंपवाले लहान मुलांसारखे नाचत होते म्हणे.

त्याच संध्याकाळी आमच्या गाईड कंपनीत कामं वाटणारे व्रबासाहेब म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून पंपवाल्यांना एकच गाईड. नाव उद्या, शुक्रवारी, जेवणानंतर सांगतो."

मला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की झोप लागेना. वर्षातली सगळ्यात मोठी परिषद, आणि ती माझी झाली असती तर अठरा वर्षांत एकदा तरी मी पहिली आणि ती दुसरी.

शुक्रवार उजाडला पंधरा सप्टेंबरचा. कॅलेंडरात त्या तारखेला 'योलाना' छापलेलं असतं, म्हणजे माझ्या नावाचा दिवस; आमच्याकडे त्या दिवशी वाढदिवसासारख्या आठवणीनं शुभेच्छा देतात. माझा नवरा ओल्द्रिख सकाळी फ्रिजवरच्या कॅलेंडरासमोर उभा राहिला, नेमकं त्याच चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बॉयलरवाला आज येणार नाही वाटतं." मी दार आपटून बाहेर पडले.

सभागृहाच्या कोट ठेवायच्या खोलीत एक बादली होती. तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले डेलिया, गर्द लाल, ताटलीएवढे. ब्लाझेना बूट बदलत बसली होती.

"कुणासाठी हो?" मी विचारलं.

"आहे एक जण. बागेतली शेवटची आहेत, यंदा गोगलगायींनी छळलंय नुसतं. दुपारी देईन."

एक जण म्हणजे कोण, ते मला लगेच कळलं. परिषदेच्या अध्यक्षीणबाई! जेवणाच्या टेबलावर फुलं द्यायची, सगळ्यांसमोर गालाला गाल लावायचा, आणि व्रबासाहेबांनी नाव जाहीर करायचं. ब्लाझेना पळी घेऊन बाहेर गेली. मी फुलं मोजली. सात.

सम आकड्याची फुलं आमच्याकडे फक्त कबरीवर नेतात. अध्यक्षीणबाई ब्रातिस्लावाच्या, तिकडेही हेच. त्या मोजणारच. मी एक फूल ओढून काढलं, देठ मोडला आणि पर्समध्ये नकाशाखाली दडपलं. लाज वाटली का? खरं सांगते, तेव्हा बरं वाटलं. त्या दिवशी मी राजेसुद्धा असे काही सांगितले की एकानं चक्क प्रश्न विचारला.

जेवणात गोमांस, सायीचा रस्सा आणि क्नेडलिक, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. मी बशीतले तुकडे इकडून तिकडे ढकलत होते. व्रबासाहेब खुर्ची ओढून शेजारी बसले.

"योलानाबाई, पुढच्या वर्षी पंप तुमचे."

"आणि ब्लाझेनाबाई?"

"त्या थांबतायत. म्हणाल्या, गुडघे नाही म्हणतात. मी बाहेरून माणूस आणणार होतो, पण त्या ऐकेनात. म्हणाल्या, 'योलानाइतके राजे या शहरात कुणाला येत नाहीत, पाण्याचं मी तिला शिकवते.' पंपवाल्यांशीही त्याच बोलल्या."

अठरा वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि मी पर्स पायानं खुर्चीखाली सरकवली. अध्यक्षीणबाई केव्हाच विमानतळाकडे निघून गेल्या होत्या. त्यांना कुणी फुलं दिली नव्हती.

कोट घ्यायला गेले तर ब्लाझेना उभी. खिडकीच्या कट्ट्यावर दोन छोटे ग्लास, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी.

"ये गं. नावाचा दिवस ना आज तुझा? तुझ्या त्या ओल्द्रिखला नसेलच आठवण, तोंडावरून दिसतंय." तिनं कागद सोडला. "आणि हे बघ, अठरा वर्षं झाली, आता ते 'अहो' पुरे झालं. मला आपलं वाटायचं, एवढी शिकलेली मुलगी, आपण कसं म्हणायचं. खुळीच मी."

आणि तिची नजर फुलांवर गेली. आमची नजर जातेच, मोजावं लागत नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"अगं देवा! सहा? सात कापली होती गं मी, ओट्यावर मांडून मोजली होती! तुझ्या हातात कबरीवरची फुलं दिली असती मी." ती मटकन बाकावर बसली. "बघ, म्हणून थांबतेय. सातपर्यंत मोजता येईना आता. गुडघ्यांचं काय, पण डोकंही गेलं."

तेव्हा बोलायला हवं होतं. पर्स माझ्या खांद्यालाच होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी पर्सची चेन ओढून घट्ट बंद केली.

ती डोळे पुसून उठली. सहातलं एक फूल तिनं काढलं, देठ खुडला आणि स्वतःच्या कोटाच्या काजात खोवलं. "हं. आता पाच. पाच चालतात. घे ग्लास. म्हण बघू, अगं ब्लाझेना."

"अहो..." मी म्हणाले.

ती हसली. "जमेल हळूहळू."

घरी मी पाच फुलं भांड्यात ठेवली. पर्समधलं मोडकं काढलं आणि हातात धरून उभी राहिले. ते त्यांच्यात घातलं तर पुन्हा सहा होत होती. ते मी वेगळ्या पेल्यात खिडकीत ठेवलं. ओल्द्रिखनं विचारलं, "ते एकटंच का?" मी पडदा ओढला.

आता पंपवाल्यांना मनोऱ्याकडे मी नेते. पळी तिनं मलाच दिली. दर रविवारी मी तिला फोन करते, आणि ती औषधांच्या गोळ्या मोजून डबीत भरून घ्यायला शेजारणीला बोलावते, असं सांगते. स्वतःच्या मोजण्यावर आता तिचा भरवसा नाही. मी 'अहो, बरं केलंत' म्हणते. 'अगं' माझ्या तोंडातून कधीच निघालं नाही. तिला वाटतं, मी मान देते.