बोटीवरची भाषा

२ डिसेंबर १९३१. सकाळी मी अंगणात खारवलेले बांगडे पलटत होते. धाकटे दीर आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "वयनी, कौल झाला. दादाच्या अंगात साहेब हाय. रविवारी भगत येतो."

दादा म्हणजे माझा नवरा. बावीस वर्षं ते विलायतेच्या बोटीवर पहिल्या वर्गाच्या उतारूंना चहा-जेवण वाढत. वर्षाकाठी महिनाभर घरी यायचे. त्या पावसाळ्यात बोट मुंबईत उभी असताना त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. नारळी पौर्णिमेनंतर दोघा खलाशांनी त्यांना रत्नागिरीच्या बंदरावर उतरवून माझ्या ताब्यात दिलं. घरी आले ते मराठी हरवून. तोंडात सात-आठ इंग्रजी वाक्यं तेवढी उरली होती.

आमच्या मांडवीतली माणसं बघायला येत, हाका मारत. हे कॉटवरून म्हणत, "कमिंग, सर." माणसं पायरीवरूनच मागं फिरत. समुद्रात बुडालेल्या कुठल्यातरी साहेबानं यांना धरलंय, हे वाडीनं पहिल्या आठवड्यातच ठरवलं होतं. देवीपुढे कौल लावला तो नावाला. गुरवानं मूर्तीला कळ्या चिकटवल्या, उजवीकडची पडली, म्हणजे देवीचा होकार, झालं.

"भावोजी, ते बोटीवर बोलायचे तेच बोलतात," मी म्हटलं.

"आयशीची भाषा कोण इसरतो गो? आत दुसरा असल्याबिगर?"

"आणि भगत काय करणार?"

"काय ते तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. दार लावून मिरच्यांची धुरी द्यायची आणि साहेब जाईपर्यंत वेताची छडी. धडधाकट माणसं त्या धुरीतून महिनाभर खोकत बाहेर पडलेली मी पाहिली होती. यांना तर पाणी पितानाही ठसका लागे. ते त्या खोलीतून जिवंत निघाले नसते.

त्याआधी दीड महिना मी इंग्रजी शिकत होते. इस्पितळातल्या नर्सबाईंकडे मी मासळी घालायची. तिथंच ओट्यावर बसून यांचं एकेक वाक्य मी तोंडपाठ म्हणून दाखवी आणि त्या अर्थ सांगत. माझी मराठी चार यत्ता झाली होती, म्हणून वाणसामानाच्या कागदावर मी ते लिहून घेई. पण नुसत्या अर्थानं भागत नसे. 'माइंड द स्टेप' म्हणजे पायरी सांभाळा. हे ते कधी म्हणतात याच्यावर मी आठ दिवस नजर ठेवली. परसाकडे जायचं असलं की म्हणत, कारण मागच्या दाराला उंच पायरी होती. 'मोअर टी, मॅडम?' म्हणजे यांनाच तहान लागलेली. 'सॉरी, सर' अंथरूण ओलं झालं की.

त्याचा अर्थ मी विचारला तेव्हा बाई म्हणाल्या, "चूक झाली साहेब, माफ करा."

"कुणाला म्हणतात?"

"धुणं कोण धुतं? तुलाच."

मी कागदावर लिहिलं आणि पुढचं विचारलं.

भगताचं सांगितल्यावर बाई चिडल्या. मग म्हणाल्या, "तुझा नवरा सारखी उत्तरं देतो, पण त्याला सवाल कोण करतंय? तू उतारूसारखी बोलून बघ." त्यांनी मला 'टी, प्लीज' शिकवलं. ताठ बसायचं, हात मांडीवर, आवाज चढवायचा नाही. आपली कपबशीही त्यांनी दिली. "फुटली तर मेल्या साहेबाच्या भुताकडून भरून घेईन," म्हणाल्या.

रविवारी अंगण माणसांनी भरलं. भगत शेगडी फुंकत होता. मी म्हटलं, "धुरी द्यायच्या आधी मला दोन शब्द बोलू द्या."

"नवऱ्याशी बोलायला परवानगी कशाला?" भगत म्हणाला.

"नवऱ्याशी नाही. साहेबाशी."

माणसं हसली. दीर म्हणाले, "आता हिच्या अंगात मडम आली." मी स्टूल ओढलं. कॉटजवळच्या पाटावर चहाची किटली आणि कपबशी ठेवली, यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि समोर ताठ बसले. "टी, प्लीज."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मान किंचित लवली. "व्हेरी गुड, मॅडम." डाव्या हाताने त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला, कपाची कड पुसली, किटली उचलली. कपात धार पडली ती नीट, बशीत थेंब नाही. कपाचा कान माझ्याकडे वळवून त्यांनी बशी पुढे सरकवली. "मोअर टी, मॅडम?"

अंगणातली माणसं उंबऱ्याशी गर्दी करून बघत होती.

मी भगताला म्हटलं, "साहेबाचं भूत असतं तर चहा मागितला असता. हा वाढतोय. साहेब कधी कुणाला वाढतो?"

भगतानं दोन्ही हातांनी डोकं खाजवलं. तो काही वाईट माणूस नव्हता. "नाय," तो म्हणाला, "साहेबाचं भूत चाय वाढायचं नाय. हा आपलाच माणूस हाय." त्यानं मिरच्या परत फडक्यात बांधल्या. दिरांनी त्याला नारळ देऊन वाटेला लावलं, आणि त्या दिवसापासून धुरीचं नाव कुणी काढलं नाही.

माणसं पांगल्यावर मी तो चहा प्यायले. गार झाला होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण यांनी मला घरात पाण्याचा तांब्याही दिला नव्हता. आमच्यात तशी पद्धतच नाही, त्याचं कधी काही वाटलंही नाही. पण त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला तो मी कोण हे न ओळखता. जिंकले ती उतारू होऊन.

संध्याकाळी मी नर्सबाईंची कपबशी परत केली आणि आणखी एक वाक्य मागून घेतलं. ते रस्ताभर घोकत आले. कॉटच्या काठावर बसून म्हटलं, "आय अॅम युवर वाइफ."

ते ऐकत होते. मी पुन्हा म्हटलं, सावकाश.

"व्हेरी गुड, मॅडम," ते म्हणाले आणि टेकलेली पाठ सरळ केली.

तसे हुकमाची वाट बघत ते नेहमीच असत. दिवस असो, रात्र असो, कुणी खोकलं तरी उठायला बघायचे. घरी आल्यापासून त्यांना सलग झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीच्या लिलावाला जायच्या आधी मी पुन्हा नर्सबाईंचं दार वाजवलं. म्हटलं, "बायकोचं राहू दे. तुझं काम संपलं, आता जाऊन झोप, हे बोटीवरची मडम कसं म्हणेल ते सांगा." त्यांनी सांगितलं. मी दहा वेळा म्हणून घेतलं, घरी आले, डोक्यावरची रिकामी पाटी उतरवली आणि यांच्यासमोर ताठ उभी राहून ते म्हटलं.