इशाच्या आत घरी

माझ्या मामेसासऱ्यांइतकं एखाद्या नियमावर प्रेम करणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. कोणी बायकोवर प्रेम करतात, कोणी आंब्याच्या कलमांवर करतात, आमच्या मामूंनी ते देऱ्याच्या रात्रबंदीवर केलं. ही साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवरची दोन गावं होती. त्यातल्या देऱ्याच्या बाजूला, मसाल्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत, रत्नागिरीकडची आम्ही काही मुसलमान कुटुंबं दाटीवाटीने राहत होतो. नियम साधाच होता. इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय लहान मुलांनी बाजारात किंवा खाडीवर दिसायचं नाही. दिसलंच, तर चौकीदार त्याला चौकीत बसवून ठेवी आणि बापाला बोलावणं जाई. बाकीच्या गावाने हा नियम जसा पाळायचा तसा पाळला, म्हणजे आठवला तेव्हा पाळला. मामूंनी मात्र तो दत्तकच घेतला.

त्यांना या कामावर कोणी नेमलं नव्हतं. दिवसा ते एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या गुदामावर असत आणि तिथे म्हणे त्यांच्याइतका गरीब स्वभावाचा माणूस नव्हता. पण सूर्यास्ताची मगरिब झाली, तोंडात पाण्याची चूळ घेतली, डोक्यावरची टोपी सरळ केली की त्यांच्या अंगात हवालदार संचारायचा. एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात छत्री. दुबईत पाऊस कुठला, पण गावाहून आणलेली ती छत्री मामूंनी कधी टाकली नाही. तिच्या वाकड्या मुठीने ते पळत्या पोराची कॉलर अशी अचूक अडकवत की पोर जागच्या जागी गोल फिरे. अरबी त्यांना तीनच शब्द येत आणि तेवढ्यावर ते सगळा कारभार हाकत. 'यल्ला' म्हणजे घरी चला, 'खलास' म्हणजे आजचा खेळ संपला, आणि 'इन्शाल्ला' म्हणजे बाकीची भांडणं उद्या. देऱ्यात नुकती वीज आली होती आणि गल्लीच्या तोंडाशी एक दिवा लागला होता. पोरं म्हणाली, मामू, अजून उजेड आहे, रात्र कुठे झालीये? मामू म्हणाले, "दिवा लागला म्हणून रात्र जाते होय रे? माझ्या डोक्यावर टोपी आहे, म्हणून टक्कल गेलं काय?" आणि टोपी काढून त्यांनी पुरावाही दाखवला.

माझा मधला मुलगा फार हूड. एकदा तो चहाच्या रिकाम्या खोक्यात लपून बसला. मामूंना ते आल्या आल्या कळलं असणार, पण ते काही बोलले नाहीत. शांतपणे त्याच खोक्यावर बसले, छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले, "आज दुल्हनने खिमा-पाव केलाय. मोठे जेवायला बसलेतसुद्धा. मुलांसाठी उरेलसं दिसत नाही." थोड्या वेळाने बुडाखालून आवाज आला, "मला ठेवा थोडा!" दुल्हन म्हणजे मी. लग्न होऊन तीन मुलं झाली, कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले, तरी मामूंच्या लेखी मी दुल्हनच राहिले.

आता या नियमात एक पंचाईत होती. लहान कोण आणि मोठा कोण, हे ठरवायचं कसं? आमच्याकडे जन्मतारीख आईबाप नाही, मास्तर ठरवत. पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर त्याच्याकडे एकवार बघून एक जून लिहून टाकत. त्यामुळे गल्लीतल्या साऱ्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि वर्षावर तर त्यांच्या आयांचाही विश्वास नव्हता. बलुची चौकीदार बिचारा गोंधळून जाई आणि मामूंना विचारी, "मामू, ये बच्चा है के आदमी?" मामूंनी दोन दिवस विचार केला आणि एक परीक्षा काढली. ज्याला पेडव्याचे काटे स्वतःच्या हाताने काढून खाता येतात, तो मोठा. पेडवा म्हणजे बोटभर मासा आणि त्यात काटे जगभरचे. "काटा काढायला सबुरी लागते दुल्हन," मामूंनी मला समजावलं, "आणि ज्याला सबुरी आली त्याला रात्री बाहेर सोडायला हरकत नाही."

परीक्षेचं केंद्र अर्थातच माझं स्वयंपाकघर. मिसरूड फुटलेली पोरं आयांच्या मागे लागून घरोघर पेडव्यांचा सराव करायला लागली. बाजारातला मासेवाला चकित झाला, की या कोकण्यांना एकाएकी सुरमई का कडू लागायला लागली. एका शुक्रवारी परीक्षा चालू असताना आमचे हे सहज पंगतीला बसले. लहानपणापासून सासूबाईंनी यांना सुरमईशिवाय काही भरवलं नव्हतं. दुसऱ्याच घासाला काटा घशात गेला, डोळे पांढरे झाले, मी केळं भरवून तो खाली उतरवला. मामूंनी तिथल्या तिथे निकाल दिला: नापास. त्यानंतर आठवडाभर इशाची नमाज झाली की ते आमच्या दारात उभे राहून विचारत, "दुल्हन, तुझा नवरा आत आहे ना?" तीन मुलांचा बाप आतून ओरडे, "आहे मामू!" मी हसून हसून बेजार.

मामूंचा स्वतःचा संसार दापोलीकडच्या एका गावी होता. मामी तिकडे आणि मामू इकडे. आधी बहारीन, मग कुवेत, मग दुबई. त्यांना एकच मुलगा, युनूस. तो शाळेत जायला लागला होता तेव्हा मामू त्याला भेटून आले होते. त्यानंतर दर वेळी निघायच्या वेळेला काहीतरी आडवं आलं, आणि जाणं राहून राहून वर्षं गेली. शेवटी असं ठरलं की युनूसनेच इकडे यायचं. मामूंचे पाय जमिनीला लागेनात. शिंप्याकडे जाऊन त्यांनी मुलासाठी सदरा शिवायला टाकला आणि माप सांगताना हात आपल्या कमरेशी धरला. मी म्हटलं, "मामू, युनूस मॅट्रिक झालाय." मामू म्हणाले, "हो ना, हुशार आहे पोरगा," आणि हात होता तिथेच ठेवला.

आगबोट समुद्रात लांब उभी राहायची आणि लाँच उतारूंना खाडीत आणून सोडायची. आम्ही सगळे धक्क्यावर गेलो. माणसं उतरत होती, मामू टाचा उंचावून त्यांच्या गुडघ्यांच्या आसपास शोधत होते. एक उंच, मिशाळ तरुण ट्रंक घेऊन त्यांच्या समोरच येऊन उभा राहिला. मामूंनी त्याला छत्रीने हलकेच बाजूला सारलं. "भाई, जरा सरक. माझा पोरगा उतरतोय."

"अब्बा, मीच," तो म्हणाला.

मामूंनी मान वर केली आणि खूप वेळ तशीच ठेवली. मग म्हणाले, "टोपी कुठाय तुझी? वारा लागेल डोक्याला."

दुसऱ्याच दिवसापासून युनूसला रात्रबंदी लागू झाली. गल्लीत त्याच्यापेक्षा वयाने लहान पोरं पेडव्याची परीक्षा देऊन बिनधास्त फिरत होती आणि हा मिशीवाला इशाच्या आधी घरात. त्याने परीक्षा द्यायची तयारी दाखवली, तर मामू म्हणाले, "नको. काटा लागेल." पोरगा गुणी. बापासमोर त्याने आवाज चढवला नाही, पण माझ्या ओट्यापाशी बसून तो कांदे असे चिरायचा की मला त्या कांद्यांची कीव यायची. त्यातच त्याला नोकरी चालून आली. बाहेर उभ्या राहणाऱ्या जहाजांवर लाँच घेऊन जायचं आणि माल उतरवून आणायचा. इंग्रजी वाचणारा माणूस हवा होता. अडचण एकच, लाँच निघायची ती इशानंतर. शनिवारी कामावर ये, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मामू म्हणाले, "खलास. रात्रीचं काम लहान मुलांचं नाही."

त्या संध्याकाळी युनूस मुद्दाम बाजारात चहा पीत उभा राहिला. मामूंनी काय करावं? सख्ख्या मुलाला मनगट धरून चौकीवर नेलं आणि चौकीदाराला सांगितलं, "ये बच्चा बाहर घूम रहा था. बिठाके रखो." बलुची चौकीदार स्टुलावरून उठला, युनूसच्या पुढे मागे पाहिलं, खाली वाकून कंदिलाच्या उजेडातही पाहिलं आणि अदबीने विचारलं, "मामू, बच्चा किधर है?" अख्खा बाजार हसला. युनूस हसला नाही. घरी येऊन मला म्हणाला, "भाभी, हद झाली. मला इथे बोलावलं ते काय कोंडून ठेवायला? शनिवारची नोकरी गेली तर मी पुढच्या बोटीने परत अम्मीकडे." त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की तो खरंच जाईल. आणि या खेपेला गेला तर मामूंना तो पुन्हा कधी दिसेल, कुणी सांगावं? मामूंवर मी तोपर्यंत खूप हसले होते. त्या रात्री मात्र मला त्यांचा मनापासून राग आला.

शुक्रवारी दोघांना जेवायला बोलावलं आणि मासेवाल्याकडे होते नव्हते तेवढे पेडवे आणले. ताटात प्रत्येकी दोन तळलेले पेडवे वाढले आणि मनात म्हटलं, आता एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. परीक्षा होऊनच जाऊ दे. बिस्मिल्ला झालं. युनूसने मासा उचलायच्या आत मामूंचा हात त्याच्या ताटात गेला. खाली मान घालून ते एकेक काटा काढायला लागले. म्हातारी बोटं, दिसायचंही कमी झालेलं, पण एक केसभर काटा त्यांनी सोडला नाही. साफ केलेल्या मांसाची छोटी रास मुलाच्या ताटाच्या कडेला लावली. गल्लीभरच्या पोरांची परीक्षा घेणारा हा माणूस स्वतःच्या मुलाला परीक्षेलाच बसू देत नव्हता.

"अब्बा, मला काढता येतात," युनूस हळूच म्हणाला.

"घशात अडकेल."

"नाही अडकत. बघा."

त्याने दुसरा पेडवा घेतला, शेपटीकडे जरासा दाबला आणि डोक्यापासून शेपटीपर्यंतचा सगळा सांगाडा एका ओढीत अलगद बाहेर काढला. बाजूचे बारीक काटेसुद्धा त्याच्याबरोबर आले. आमच्या गल्लीत इतकं सफाईचं काम मी पाहिलं नव्हतं. मामूंनाही तसं येत नव्हतं.

"कोणी शिकवलं?" मामूंनी विचारलं.

"अम्मीने. तुम्ही कुवेतला होतात तेव्हा."

मामू त्या काट्यांकडे बघत राहिले. 'बघा, पास झाला की नाही!' हे माझं वाक्य सकाळपासून तयार होतं. ते मी गिळलं. डोळे भरून आले म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले. बाहेर आले तेव्हा मामू म्हणत होते, "मग उद्या जा कामाला." आणि ताटाच्या कडेची रास पुढे सरकवून, "पण हा एक मी साफ केलाय, तो तरी खा."

युनूसने आधी तोच खाल्ला.

शनिवारी इशानंतर तो लाँचवर गेला. मामूंनी रोजच्यासारखी गल्लीत फेरी मारली, पोरांना घरोघर घातलं आणि आपल्या खोलीत जाऊन बसले. सकाळी मी चहा घेऊन गेले तर मामू अजून गुदामावर गेले नव्हते. पहाटे परतलेला युनूस चटईवर आडवातिडवा झोपला होता. त्याचे पाय चटईबाहेर पार उंबऱ्यापर्यंत आले होते, तोंड उघडं, मिशीवर मीठ सुकलेलं. मामू त्याच्या उशाशी बसून पंख्याने माश्या वारत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, दुल्हन," ते म्हणाले. "झोपेत अजून तेवढाच दिसतो बघ."

मी पाहिलं. एरवी मी मामूंना असं सुखासुखी सोडलं नसतं.

"हो मामू," मी म्हटलं. "तेवढाच दिसतो."