केलेमेन यांनी केलेला मान

गेल्या महिन्यात मी लॅबमध्ये असताना अलकाचा फोन आला. “अगं, केलेमेन गेले. झोपेतच.” तिचा मुलगा आणि माझी यशोधरा एकाच वेळी त्यांच्याकडे पियानो शिकायला जायची. मी “अरे...” म्हटलं. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. त्यामुळे या चार आठवड्यांत त्यांच्याबद्दल सगळं गोडच ऐकायला मिळालं. मला तसं लिहिता येणार नाही.

टिबोर केलेमेन मूळचे बुडापेस्टचे. शाळकरी वयातच पियानोवर नाव काढलेलं. महायुद्धात शहराला वेढा पडला, त्या हिवाळ्यात आईने घरातला पियानो फोडून शेगडीत घातला. हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बोटं चालवत रियाज करत राहिले. पुढे हंगेरीतला उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला, तेव्हा चिखलातून चालत ऑस्ट्रियाची सरहद्द ओलांडली आणि अमेरिका गाठली. इथे मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवलं, रेकॉर्डी निघाल्या. आणि मग हे सगळं स्वतःच्या जिभेने घालवलं. कंडक्टरला भर तालमीत गाढव म्हणायचे. एकदा ओहायोत एका बाईला खोकल्याची उबळ आली, तर वाजवणं थांबवलं आणि ती उठून बाहेर जाईपर्यंत हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत बसले. हळूहळू बोलावणी बंद झाली. आम्ही वेस्ट विंडसरला राहायला आलो तोवर ते तिथेच घरी मुलांना शिकवत होते.

टेबलाची ती गोष्ट ते मुलांवर छडीसारखी उगारत. “माझ्याकडे टेबल होतं. तुझ्याकडे पियानो आहे. तुझी सबब काय?” अलकाचा मुलगा गाडीत बसला की रडायचा. यशू रडायची नाही. घरी येऊन बॅग टाकायची आणि जेवायच्या आधी तासभर वाजवायची. एरवी उलट उत्तर देणारी माझी पोरगी त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहायची, ते मला खटकायचं. पण तिला विचारलं की एकच उत्तर, “आई, ही इज द बेस्ट. प्लीज, तू काही बोलू नकोस.”

ती पंधरा वर्षांची असताना चर्चच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. यशूला दिलेली रचना संथ होती, अवघड होती. ती निम्म्यावर आली असेल... केलेमेन उठले, तिच्याजवळ गेले आणि पियानोच्या पट्ट्यांवर आडवा हात ठेवला. “नाही. उठ.” ती उठली. ते स्वतः बसले आणि तीच रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. तेवढा वेळ ती बाजूला उभी होती, सगळ्यांच्या समोर, मी मुद्दाम नागपूरहून मागवलेल्या निळ्या ड्रेसमध्ये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना!

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, “तुम्ही माझ्या मुलीचा अपमान केलात. तिची माफी मागा.” ते शांतपणे मफलर गुंडाळत होते. म्हणाले, “मॅडम, मी तिचा मान केला. बाकीच्यांना मी वाजवू दिलं.”

यशू माझ्या मागेच उभी होती. तिने ते ऐकलं.

अपमान करून त्यालाच उपकार म्हणणारी माणसं माझ्या आजोबांनी विदर्भात पुष्कळ पाहिली होती. बाबासाहेबांचं ऐकून ते गाव सोडून नागपूरला आले, ते असल्या उपकारांना कंटाळूनच. मी केलेमेनना एवढंच म्हणाले, “ती आता येणार नाही.” तिला विचारलंही नव्हतं. पण गाडीत तीच म्हणाली, “आय अॅम डन, आई.” त्यानंतर तिने पियानोला हात लावला नाही. त्यांनीही कधी फोन केला नाही.

शोकसभेला यायचा हट्ट तिचाच. कॉलेजमधून दोन बस बदलून आली. जुने विद्यार्थी एकेक उठून सांगत होते, ते वडिलांसारखे होते, फार प्रेमळ होते... मग त्यांची तरुणपणीची रेकॉर्ड लावली. खोटं कशाला बोलू, फार सुंदर होती. इतकी, की माझा राग आणखीच वाढला. असं वाजवणाऱ्या माणसाला एका मुलीला शेवटपर्यंत ऐकून घेता आलं नाही? शेजारी यशू डोळे मिटून ऐकत होती. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, “एकाने तरी खरं बोलायला हवं होतं.” ती म्हणाली, “तू लिही ना मग.”

ती दोन दिवस घरी राहिली. रविवारी सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत गेले, तर खिडकीशी बसून ती नखं कापत होती. अगदी मुळाशी, कातडीला लागतील इतकी. पियानोच्या पट्टीवर नख वाजता कामा नये म्हणून केलेमेन दर आठवड्याला मुलांचे हात तपासायचे. “अजून?” मी विचारलं. तिने हाताकडे पाहिलं. तिच्याही ते आत्ताच लक्षात आलं असावं. “वाढलेली सहन नाही होत गं,” ती म्हणाली आणि दुसरा हात पुढे घेतला.