मोठ्या डॉक्टरकडे जायचं राहिलं ते बरं झालं

गेल्या मंगळवारी इथे परदेशात, लेकीच्या टूनगॅबी उपनगरातल्या आमच्या जीपीकडे गेले, तेही तोंड फुगवून... जीपी म्हणजे आपला घरचा डॉक्टर.

मला जायचं होतं डोक्याच्या मोठ्या डॉक्टरकडे. बरेच दिवस उठलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा ओट्याशीच बसकण मारली, तेव्हापासून माझी लेक मंजिरी बाळाला माझ्याकडे उभ्याने देईना. "आई, पलंगावर बस, मग देते." नात दोन महिन्यांची... तिला वाटत असेल आजी म्हणजे कायम बसलेली बाई. फार लागलं मनाला.

आपल्याकडे कसं, पोट दुखलं की पोटाचा डॉक्टर, छातीत दुखलं की हार्टचा. कुणीतरी म्हणतं, माझं नाव सांगा, की झालं. मी शाळा चौथीपर्यंतच पाहिली, पण डॉक्टर शोधण्यात कोल्हापुरात माझा हात कुणी धरला नसता. इथेही भजनातल्या सुलभाताईंकडून एका मराठी डॉक्टरचा नंबर मिळवला आणि मंजिरीला फोन करायला लावला.

तिकडची बाई म्हणाली, जीपीचं रेफरल, म्हणजे चिठ्ठी, कुठाय? मी म्हटलं, सांग तिला, आम्ही सुलभाताईंच्या भजनातल्या. मंजिरी फोनवर हात ठेवून म्हणाली, "आई, इथे भजनाची ओळख चालत नाही."

मग जेवताना तिने समजावलं. मेडिकेअर ही इथल्या सरकारची आरोग्य योजना. जीपीने पाठवलं तरच मोठ्या डॉक्टरच्या फीमधला वाटा सरकार उचलतं. वर प्रायव्हेट विमा घेतला की ऑपरेशनला डॉक्टर आपल्या पसंतीचा, रांगही लहान... पण जीपीचा उंबरा तरीही ओलांडावा लागतोच.

माझी नणंद अमेरिकेत. तिच्या विम्याच्या पहिल्या प्लॅनमध्ये आधी घरचा डॉक्टर, मग तो सांगेल तिकडेच, तेही कंपनीच्या ठरलेल्या डॉक्टरांकडे. बाहेर गेलं की सगळं पदरचं. कंटाळून दुसरा घेतला, त्यात कुणाकडेही सरळ जा, पण हप्ता मोठा. मी म्हटलं, म्हणजे एक खानावळ आणि एक हॉटेल. मंजिरी हसली, "तसंच काहीसं."

तरी मला वाटत होतं, हा जीपी म्हणजे दारावरचा वॉचमन. आत सोडायचं नाही म्हणून बसवलेला.

आमची डॉक्टरीण हैदराबादची, म्हणून हिंदी चालतं. तिने बसवून बीपी घेतलं, मग उभं करून घेतलं. उभ्याने एकदम खाली. म्हणाली, "अम्मा, सब गोलियाँ दिखाओ." मी पिशवी टेबलावर रिकामी केली... बडीशेपेच्या पुडीसकट.

आता सांगते गंमत. इथली बीपीची गोळी एवढीशी. माझा काही तिच्यावर विश्वास बसेना. म्हणून भाऊ कोल्हापूरहून पाठवतो तीही चालू ठेवली होती... सकाळी इथली, रात्री गावची. मंजिरीला सांगायचं काय त्यात, गोळीच तर आहे.

डॉक्टरणीने दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली. "नाम दो हैं अम्मा, दवा एक ही है. आप डबल खा रही हो." मंजिरीने माझ्याकडे असं पाहिलं की मी बडीशेप आवरायला घेतली.

गावची गोळी बंद झाली, रक्त तपासायला दिलं. मी विचारलं, और बड़ा डॉक्टर? "ज़रूरत पड़ी तो मैं ही भेजूँगी." (माझं वाचून कुणी आपापल्या गोळ्या बंद करू नका हं... आधी विचारा.)

तेव्हापासून विचार करतेय. मोठ्या डॉक्टरने डोकं तपासलं असतं, पिशवी कोण बघणार होतं? आपल्याकडे आपणच ठरवतो काय दुखतंय ते, आणि तिथेच चुकतो. पण सगळं गोड आहे असंही नाही. नणंद पहिल्या प्लॅनमध्ये असताना तिचा वर्षानुवर्षांचा डॉक्टर कंपनीच्या यादीतून बाहेर पडला, तर तिला नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. प्लॅन कुठलाही असो, आपल्याला ओळखणारं एक माणूस त्यात हवं, एवढंच मला कळलं.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. चक्करही गेली. काल मंजिरीने मला खिडकीपाशी उभं असलेलं पाहिलं, आणि उभ्यानेच बाळ हातात दिलं.

नातीने खांद्यावर दूध काढलं. साडी नवी होती... पण तिला खाली ठेवायला माझे हात तयार होईनात. त्या डॉक्टरणीचं भलं होवो.